दुपारचा चहा आणि चहाच्या मेजावरची जुनी काच: ब्रिटनच्या प्रवासात काय पाहावं, काय घ्यावं, कसं आणावं

केटली

ब्रिटनला जाणाऱ्यांच्या यादीत दोन गोष्टी हमखास असतात. एकदा तरी तीन मजली स्टँडवाला दुपारचा चहा, आणि आठवण म्हणून काचेची एखादी शोभेची वस्तू. दोन्हींची माहिती वेगवेगळ्या ठिकाणी शोधली जाते, पण मुळात त्या एकाच टेबलावरच्या आहेत. साखरेचं भांडं, दुधाचा छोटा जग, उंच पायाचा केक-स्टँड, जॅमची बशी, झाकणाचं लोण्याचं भांडं. दुपारचा चहा उमरावांच्या वाड्यांतून मध्यमवर्गाच्या घरात पोचला, तेव्हा इंग्लंडच्या ईशान्येकडच्या कारखान्यांनी हा सगळा संच साच्यात दाबलेल्या काचेत काढला आणि घरोघरी पोचवला.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रवासात काच जमवायची असेल तर चहाच्या मेजावरची जमवा. वस्तू आटोपशीर असतात, बऱ्याचशा वापरता येतात, आणि पुष्कळदा त्यांच्या बुडाशीच त्यांचा पत्ता लिहिलेला असतो. काचेची माहिती या चर्चेतल्या लोलक यांनी लिहावी. मी चहापासून सुरुवात करते.

आधी नावाचा घोळ. हॉटेलातल्या नाजूक खाण्याला आपल्याकडे सर्रास 'हाय टी' म्हणतात. ब्रिटनमध्ये हाय टी म्हणजे कष्टकरी घरांतलं संध्याकाळचं भरपेट गरम जेवण, तेही जेवणाच्या उंच टेबलावर. बुकिंग करताना 'आफ्टरनून टी' असंच म्हणा. फक्त स्कोन (छोटा, जाडसर, पावासारखा केक), क्रीम, जॅम आणि चहा हवा असेल तर त्याला 'क्रीम टी' म्हणतात. तो बराच स्वस्त पडतो आणि पोटालाही झेपतो. दुपारच्या चहाची प्रथा पाडण्याचं श्रेय परंपरेने बेडफर्डच्या सातव्या डचेस ॲना यांना देतात, १८४० च्या सुमारास. दुपारचं हलकं खाणं आणि रात्रीचं उशिराचं जेवण यांच्यामधली पोकळी भरायला हा चहा आला. त्यामुळे वेळ साधारण साडेतीन ते पाच.

स्टँडवर खालून वर जायचं: खाली सँडविच, मध्ये स्कोन, वर गोड. मात्र स्कोन गरम आले असतील तर ते आधी संपवा, कारण गार स्कोन कोरडा लागतो. स्कोन सुरीने आरपार कापत नाहीत. बाजूला जी नैसर्गिक भेग असते तिथून हाताने आडवा उघडतात. डेव्हनमध्ये आधी क्रीम आणि वर जॅम, कॉर्नवॉलमध्ये आधी जॅम आणि वर क्रीम. कॉर्निश क्लॉटेड क्रीमला १९९८ पासून भौगोलिक नावाचं संरक्षण आहे आणि त्यात किमान ५५ टक्के स्निग्धांश असावा लागतो. म्हणूनच ते लोण्यासारखं सुरीने लावता येतं.

लोलक

चर्चेचा धागा काढल्याबद्दल आभार. आता काच.

साच्यात दाबलेली काच हातात आली की पहिल्यांदा साच्याची शिवण शोधा. बाजूवर उभी, बारीक उंचवट्याची रेघ लागते, बहुतेक वेळा दोन, तीन किंवा चार ठिकाणी. साच्याशिवाय फुंकून घडवलेल्या काचेला ती नसते. तिच्या बुडाशी लोखंडी दांड्यावरून तोडल्याची खूण असते: खडबडीत, किंवा घासून गुळगुळीत केलेली वाटोळी खळगी. पैलू पाडलेली काच दाबलेल्या काचेपासून ओळखायला बोटाचं टोक पुरतं. पैलूच्या कडा बोटाला टोचतात, साच्यातल्या कडा गोलसर लागतात.

मग खुणा. ब्रिटिश दाबकाचेचं सर्वात मोठं सुख म्हणजे नोंदणीची खूण. १८४२ ते १८८३ या काळात ती पतंगाच्या आकाराची असे. मध्ये 'आरडी' ही अक्षरं, वरच्या टोकाला वर्तुळात रोमन आकड्यात वर्ग (काचेचा वर्ग ३), आणि चार कोपऱ्यांत अक्षरं-आकडे. वर्षाचं अक्षर १८६७ पर्यंत वरच्या कोपऱ्यात असे, १८६८ पासून ते उजवीकडे गेलं. १८८४ पासून पतंग गेला आणि नुसता क्रमांक आला. त्याचे टप्पे पाठ केले तर दुकानात उभ्या उभ्या काळ सांगता येतो:

१८८४ ला १ पासून सुरुवात, १८८५ ला १९७५४, १८९० ला १४१२७३, १९०० ला ३५१२०२.

म्हणजे २१२६८४ असा क्रमांक दिसला तर नक्षीची नोंदणी १८९३ ची, कारण त्या वर्षाची सुरुवात २०५२४० ने झाली. इथे एक चूक फार होते. ही तारीख नक्षी नोंदवल्याची असते, वस्तू घडवल्याची नव्हे. खपणारा साचा पुढे कित्येक वर्षं चालत असे. विक्रेता '१८९३ चा नग' म्हणाला तर '१८९३ ची नक्षी' असं मनात दुरुस्त करून घ्या.

कारखान्यांच्या खुणा वेगळ्या. गेट्सहेडच्या सॉवरबीची मोराचं डोकं, तिथल्याच डेव्हिडसनची बुरुजातून वर येणारा सिंह, संडरलंडच्या ग्रीनरची आधी तारा धरलेला आणि नंतर कुऱ्हाड धरलेला सिंह. या खुणा भांड्याच्या आतल्या तळाशीही असतात आणि साच्याची झीज झाली की पुसट उठतात. मोबाइलचा टॉर्च वरून न मारता बाजूने, जवळजवळ आडवा धरा. सावली पडून उठाव दिसतो.

डेव्हिडसनचे दोन प्रकार प्रवाशाने ओळखायला शिकावेत असे आहेत. पहिला १८८९ चा 'पर्लाइन'. पिवळी किंवा निळी पारदर्शक काच, आणि कड दुधाळ. ती कड रंगवलेली नसते. साच्यातून काढल्यावर वस्तूची कड भट्टीत पुन्हा तापवत, आणि तेवढाच भाग दुधाळ होई. म्हणून दुधाळपणा हळूहळू विरत जातो, कुठेही रेघ दिसत नाही. दुसरा १९२३ पासूनचा 'क्लाउड ग्लास'. फिक्या काचेत गडद काचेचे धागे सोडून मग साच्यात दाबलेला. पाण्यात शाईचा थेंब पसरावा तशी नक्षी, आणि एकासारखी दुसरी नाही.

पाऊलवाट

लोलक, विक्रेता सरसकट प्रत्येक जड वस्तूला 'क्रिस्टल' म्हणतो. टिचकी मारून आवाज ऐकायचा एवढंच माहीत आहे. ते पुरेसं आहे का? आणि टवके नक्की कुठे तपासायचे?

लोलक

टिचकी फसवते. जाड बुडाची, अरुंद तोंडाची वस्तू अस्सल शिशाच्या काचेची असली तरी बद्द वाजते, आणि पातळ साधा ग्लासही छान निनादतो. खात्रीची परीक्षा घनतेची. युरोपीय व्याख्येनुसार 'लेड क्रिस्टल'मध्ये लेड ऑक्साइड किमान २४ टक्के आणि घनता किमान २.९० असते. 'फुल लेड क्रिस्टल'मध्ये ३० टक्के आणि ३.००. साध्या सोडा-लाइम काचेची घनता २.५ च्या आसपास.

मुक्कामी स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर पाच मिनिटांचं काम. कोरड्या वस्तूचं वजन लिहून ठेवा. काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून काटा शून्य करा. वस्तूला दोरा बांधून ती पूर्ण बुडेल पण तळाला आणि बाजूंना टेकणार नाही अशी लोंबती धरा. आता काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे मिलिलिटर तिचं आकारमान. वजन ८७० ग्रॅम आणि काटा ३०० दाखवत असेल तर भागाकार २.९, म्हणजे शिशाची काच. ३४८ दाखवला तर २.५, म्हणजे साधी. आत बुडबुडा अडकला तर उत्तर कमी येतं, म्हणून वस्तू तिरकी करून हवा काढून टाका. हँडल असलं तर दोरा हँडलला बांधू नका, गळ्याला बांधा.

टवके डोळ्यांनी नाही, नखाने शोधायचे. नखाची पाठ कडेवरून एक पूर्ण फेरी फिरवा, मग आतून, मग पायाच्या कडेवरून. अडखळलं की थांबा. पायाची खालची कड बहुतेक जण विसरतात, आणि टेबलावर आपटून सर्वात जास्त टवके तिथेच गेलेले असतात. दुसरी जागा म्हणजे हँडलचे सांधे. उजेडाकडे धरून फिरवल्यावर चंदेरी झिळई चमकली तर तो तडा. ती वस्तू खाली ठेवा, कितीही आवडली तरी. कड घासून दुरुस्त केलेली असेल तर ती इतर भागापेक्षा सपाट आणि धारदार लागते, आणि पुष्कळदा कडेजवळची नक्षी अर्धवट कापलेली दिसते.

वय तपासायला बुडाचे ओरखडे बघा. खरी झीज फक्त टेकणाऱ्या जागी असते आणि ओरखडे सगळ्या दिशांना जातात. सगळे एकाच दिशेने असतील किंवा खळग्यातही पोचले असतील, तर ते सँडपेपरने घासून आणलेलं वय आहे.

हिरवाकंदील

पर्लाइनचा पिवळा रंग युरेनियमचा असतो हे जोडतो. १८३० च्या दशकापासून युरोपात काचेला पिवळा-हिरवा रंग द्यायला युरेनियम वापरत. ओळखायला खिशातला अतिनील टॉर्च. ३९५ नॅनोमीटरचा स्वस्त टॉर्च जांभळा उजेड खूप टाकतो, तरी युरेनियम त्यातही ठळक हिरवं पेटतं. ३६५ चा टॉर्च स्वच्छ, पण त्याची दुसरी अडचण अशी की मँगनीज घातलेली जुनी रंगहीन काचही त्यात फिकट हिरवी दिसते आणि ती 'युरेनियम' म्हणून विकली जाते. दोन्ही टॉर्च मारून पाहावेत. ३९५ मध्येही जोरात पेटली तर युरेनियम, ३६५ मध्येच मिणमिणली तर मँगनीज. पिवळसर-नारिंगी पेटली तर बहुधा कॅडमियम. दुकानात उजेडात कळत नाही, वस्तूवर सावली करा. आणि टॉर्च काढण्याआधी विक्रेत्याला विचारा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात.

शोकेसमध्ये ठेवायला काही हरकत नाही. लिंबू, जॅम, फळांचा रस असलं आंबट मात्र त्यात घालू नये.

पाऊलवाट

जुन्या काचेच्या ग्लासात किंवा कपात गरम चहा ओतला तर?

लोलक

ओतू नका. तापल्यावर सोडा-लाइम काच बोरोसिलिकेटच्या (उष्णता सोसणाऱ्या काचेच्या) जवळजवळ पावणेतीन पट प्रसरण पावते. उकळता चहा पडला की आतला थर फुगतो, बाहेरचा गारच राहतो, आणि ताण मावत नाही. जाड काच जास्त सुरक्षित वाटते, पण इथे उलटं आहे: जितकी जाड तितका आत-बाहेरचा फरक मोठा. त्यातून जुन्या दाबकाचेत घडवताना नीट न शमलेला ताण अडकलेला असू शकतो. चहा चिनी मातीत प्यावा, काचेत साखर, गार दूध, केक. शिशाच्या काचेत जॅम किंवा लिंबू साठवू नये, आंबटपणाने शिसं सुटतं. तासाभराच्या चहापुरती साखर ठेवली तर चिंता नाही.

केटली

चहाबद्दल राहिलेलं लिहिते.

चहा चाखण्याचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ३१०३, १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटं सांगतं. ते चव तपासणाऱ्यांसाठी आहे, दोष उघडे पडावेत म्हणून मुद्दाम कडक. प्यायला २०० मिलिलिटरला २ ते २.५ ग्रॅम भरपूर. आसाम उकळत्या पाण्यात ४ मिनिटं. दार्जिलिंगची पहिली तोडणी ९० अंशांच्या आसपास ३ मिनिटं, त्यापुढे ती तुरट होते.

चहाघरात नेहमी बिघडतं ते असं: किटलीत पत्ती मोकळी असते आणि गप्पा रंगतात. दुसऱ्या कपापर्यंत पत्ती १५ मिनिटं भिजलेली असते आणि चहा कडू. उपाय सोपा आहे. ऑर्डर देतानाच गरम पाण्याची वेगळी किटली मागा. पहिला कप गाळणीतून ओता, आणि पुढचे कप अर्धा अर्क, अर्धं गरम पाणी असे करा. दुसरा वेगळा चहा मागायलाही संकोच नको, बऱ्याच ठिकाणी तो त्याच पैशांत मिळतो. फक्त आधी विचारून घ्यावं.

क्रमही महत्त्वाचा. काकडीच्या सँडविचबरोबर दार्जिलिंग, बिनदुधाचा. स्कोन आणि क्रीमबरोबर आसाम, दूध घालून. दुधातली प्रथिनं तुरटपणा धरून ठेवतात आणि क्रीमपुढे चहा फिका पडत नाही. अर्ल ग्रे या चहात बर्गमोट या लिंबूवर्गीय फळाचा वास असतो, त्यात लिंबाची चकती किंवा काहीच नको. लिंबू आणि दूध एकत्र घालाल तर फाटेल.

लंडनचं पाणी जड आहे, त्यामुळे काळ्या चहावर तेलकट दिसणारा पापुद्रा येतो. कप अस्वच्छ नसतो. पाण्यातला कॅल्शियम आणि चहातली द्रव्यं मिळून तो बनतो. लिंबाचे दोन थेंब टाकले की बराचसा जातो.

शाकाहारी मंडळींनी बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं, टेबलावर बसल्यावर नाही, कारण स्टँड आधीच लावून ठेवलेले असतात. नुसतं 'मांस-मासे नको' पुरत नाही. वरच्या मजल्यावरच्या मूस, जेली, मार्शमेलोमध्ये जिलेटिन असू शकतं. अंडं चालत नसेल तर स्कोनवर लावलेलं अंडंही विचारा. कपड्यांचा नियमही पाहून घ्या. लंडनच्या रिट्झसारख्या ठिकाणी पुरुषांना कोट आणि टाय लागतो.

गाठोडं

आता आणायचं कसं ते.

काचेला पहिला थर मऊ टिश्यू कागदाचा. वर्तमानपत्राची शाई लागते आणि सोनेरी कडेवर ते घासतं. दुसरा थर बबल रॅपचा, फुगे बाहेरच्या बाजूला. फुगे आत ठेवले तर दबून काचेवर ठसे उमटतात. पोकळ भांड्यात कागद सैल भरा. ठासून भरलेलं भांडं बाहेरच्या दाबाने फुटण्याऐवजी आतल्या दाबाने फुटतं. केक-स्टँड किंवा उंच पायाची वस्तू असेल तर आधी दांड्याभोवती इतकं गुंडाळा की तो वरच्या थाळीइतका रुंद दिसायला लागेल. दांडा आणि थाळी यांचा सांधा हीच तुटायची जागा, आणि मधली पोकळी भरली की तिथे वाकायला वाव राहत नाही. झाकणं आणि बुचं वेगळी गुंडाळा. जुन्या डिकँटरच्या (मद्य ओतायच्या काचेच्या सुरईच्या) बुचावर आणि गळ्यावर बारीक क्रमांक कोरलेला असतो, दोन्ही जुळतात का ते विकत घेतानाच पाहा.

मग बॅग. काच चाकांपासून आणि हँडलच्या दांड्यांपासून दूर, मधोमध, आणि सहाही बाजूंनी ५ ते ७ सेंटिमीटर कपडे. बूट, चार्जर, जॅमच्या बाटल्या तिच्या शेजारी नकोत. बंद केल्यावर बॅग हलवा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडा, कारण सरकणारी वस्तूच फुटते. दोन काचा एकमेकींना टेकवून कधीच ठेवू नका, मध्ये निदान एक जाड मोज्यांची जोडी.

हातसामानात न्यायची असेल तर पेपरवेट आणि शिशाची जाड काच क्ष-किरणात गडद ठोकळ्यासारखी दिसते. तपासणीवाले उघडायला सांगतात. ती वर ठेवा आणि चिकटपट्टीऐवजी सुतळीने बांधा, म्हणजे पुन्हा गुंडाळता येते. क्लॉटेड क्रीम आणि जॅम हातसामानात द्रवात मोजतात, ते मोठ्या बॅगेत.

घरी आल्यावर घाई नको. विमानाच्या पोटातून आलेली गार काच गरम पाण्याखाली धरली तर तिथेच तडकते. रात्रभर तशीच बांधलेली राहू द्या.

पैशांचं एक: इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये पर्यटकांना बरोबर नेलेल्या मालावरचा व्हॅट परत मिळणं १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे. विक्रेत्याने वस्तू परदेशी पाठवली तर तो व्हॅटशिवाय विकू शकतो, पण पाठवणीचा खर्च आणि काचेला विमा मिळतो का, हे आधी विचारायचं.

पाऊलवाट

गाठोडं, चाकांचं आणि सुतळीचं डोक्यात आलं नव्हतं. काच आणि चहा दोन्ही एका दिवसात होतील अशी ठिकाणं?

केटली

लंडनमध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय. कायमस्वरूपी दालनांना प्रवेश फुकट, काचेचं दालन चौथ्या पातळीवर खोली १३१, आणि तिथल्या जिन्याचा काचेचा कठडा डॅनी लेन यांनी घडवलेला. खाली उतरल्यावर चहा त्याच इमारतीतल्या जुन्या उपाहारगृहात घ्यावा. मॉरिस, गँबल आणि पॉइंटर यांच्या तिथल्या तीन खोल्या १८६० च्या दशकातल्या, आणि संग्रहालयात उपाहारगृह असण्याचं ते जगातलं पहिलं उदाहरण मानतात. खरेदीला पोर्टोबेलो रोडवर शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार, बर्मंडसीला शुक्रवारी सकाळी. बर्मंडसीला उशिरा गेलात तर आवरलेलं सापडेल.

ग्लासगोला सॉकीहॉल स्ट्रीटवर चार्ल्स रेनी मॅकिंटॉश यांनी केट क्रॅन्स्टनसाठी घडवलेलं १९०३ चं विलो चहाघर. वरच्या 'रूम द लक्स'चे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या काचेचे दरवाजे आणि भिंतीवरचे आरशाचे पट्टे पाहायला दुपारचा उजेड हवा.

लोलक

आणि स्टूरब्रिज. बर्मिंगहॅमहून रेल्वेने स्टूरब्रिज जंक्शन, तिथून एका छोट्या डब्याच्या गाडीने तीन मिनिटांत गाव. काचेचं संग्रहालय जवळच्या वर्ड्स्लीला, २०२२ मध्ये उघडलेलं. समोरच 'रेड हाउस' हा अठराव्या शतकाच्या अखेरचा विटांचा शंकू, सुमारे ३० मीटर उंच. तो शंकू म्हणजे एक मोठं धुरांडं आणि त्याच्या पोटातच कारागीर काम करत. निघण्याआधी उघडे दिवस तपासा. आधी इथे दोन तास घालवून मग बाजारात गेलं तर नजर बसलेली असते, उलट क्रमाने केलं तर पैसे जातात.

हिरवाकंदील

धुण्याबद्दल. सिंकमध्ये प्लॅस्टिकचा टब, तळाला टॉवेल, कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, एका वेळी एकच वस्तू. डिशवॉशर नको. त्याची अल्कधर्मी पावडर आणि उष्णता मिळून काच कायमची धुरकट करतात.

धुरकट वस्तू स्वस्तात मिळते तेव्हा परीक्षा करा: ओलं बोट आतून फिरवा. ओली असताना स्वच्छ दिसते आणि वाळल्यावर पुन्हा धुरकटते, तर पृष्ठभागच झिजलाय, काही केलं तरी जाणार नाही. ओली असतानाही पांढरट थर दिसतो आणि नखाला खरखरीत लागतो, तर तो क्षार. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर, नाहीतर लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे सायट्रिक आम्ल. सोनेरी काम किंवा वरून दिलेला रंग असेल तर यातलं काही नको.

केटली

केक-स्टँड घेणाऱ्यांसाठी शेवटचं. दाबकाचेचे बरेच स्टँड जरा कलते असतात, कारण गरम असताना थाळी एका बाजूला झुकलेली असते. दुकानात सपाट जागी ठेवून थाळीत चमचाभर पाणी मागा. पाणी एका कडेला पळालं तर केकही सरकेल. आणि केक स्टँडवर कापू नका. कडेजवळ सुरीचा दाब पडला की सगळा जोर दांड्याच्या सांध्यावर येतो. ताटलीत कापून मग वर मांडा.

काकडीच्या सँडविचलाही थोडी काळजी लागते. काकडीचे कागदासारखे काप करून चिमूटभर मीठ लावा, १५ मिनिटं चाळणीत ठेवा, फडक्याने टिपा. लोणी पावाच्या अगदी कडेपर्यंत लावा. त्या थरामुळेच पाणी पावात मुरत नाही. कडा सगळं भरून झाल्यावर कापायच्या, आधी नाही.